पाच इंचांचा स्लॅब

मिराशींची मोरी माझ्या स्वयंपाकघरावर येते.
घोडपदेव, म्हाडाची इमारत, तिसरा मजला मी, चौथा ते,
मध्ये पाच इंचांचा स्लॅब.
त्यांची जमीन, माझं आभाळ.

सव्वासहाला ते अंघोळीला बसतात,
सहा चाळीसला माझ्या ओट्यावर पहिला थेंब.
आधी स्टीलचं पातेलं ठेवायचे, आवाज फार व्हायचा,
मग आत पोतेरं घालायला शिकले.

सोसायटीच्या फाइलीत माझे चार अर्ज.
पाचव्याला सेक्रेटरी म्हणाला, "खरातबाई, आपापसात मिटवा की."
वर गेले. साखळीपुरतं दार उघडून मिराशी म्हणाले,
"भोक तुमच्या छताला आहे, माझ्या फरशीला नाही."
दार लागलं.
जिन्यात मी उत्तर घासलं, इतकं धारदार
की तीन पायऱ्या उतरेपर्यंत माझंच मला लागलं.

शमुवेल असता तर हसला असता.
भांडखोर बायको आणि पावसात गळणारं घर, दोन्ही सारखीच,
असं एका शहाण्या राजाचं मत आहे म्हणे.
महिनाअखेरीस पैसे संपले की हमखास ऐकवायचा.
आता घर गळतं,
आणि ते ऐकवायला तो नाही.

नाताळात करंज्या नेल्या वर.
खरं सांगते, प्रेमानं नाही.
शब्बाथ शाळेत शिकवलेलं, वैरी उपाशी असला तर वाढ त्याला,
त्याच्या डोक्यावर निखारे रचले जातात.
मला ते निखारे बघायचे होते.
त्या टकलावर, एकेक.
मिराशींनी डबा घेतला. चौथ्या दिवशी परत दिला,
न धुता.
"सारण कोरडं होतं," म्हणाले.

त्या रविवारी पाळकसाहेब सांगत होते,
सलोखा राखायचा तो आपल्या वाट्याचा,
समोरच्याच्या वाट्याचा हिशेब आपल्याला कुणी विचारणार नाही.
मी बाकावर बसून हिशेबच मांडला:
पाच इंचांतला माझा किती? अडीच?
की नुसता खालचा गिलावा?

फेब्रुवारीत थेंब थांबले.
एक दिवस, दोन दिवस, नऊ.
सुटले म्हणायला हवं होतं.
पण सहा चाळीसला कान आपोआप छताकडे जायचे.
दहाव्या दिवशी गेले वर. साखळी नव्हती.
मोरीतल्या नळाला चिंधी, गच्च आवळून बांधलेली.
खिडकीशी एक परात, परातीत बोटभर पाणी,
आणि दांडीवर पिळलेला पंचा.
दहा दिवस हा माणूस अंग पुसून राहत होता.
"प्लंबर अठरा हजार म्हणाला," मिराशी भिंतीला म्हणाले.
"बाइंडिंगच्या कारखान्याला पेन्शन नसते."
डोक्यावर काहीतरी गरम पडलं.
माझ्या.

अर्धे-अर्धे केले. माझे एकदम, त्यांचे महिन्याला पाचशे.
नोटा मोजून देतात, मग मलाही मोजायला लावतात,
दोनदा, जणू मीच बुडवणार आहे.
मिस्त्री उशिरा आला, दोष माझा.
मिस्त्रीला चहा दिला, तर "चहानंच शेफारतात हे."
नाही, मिराशी काही बदलले नाहीत.
परवा रात्री माझ्या रेडिओवरून ओरडले,
अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल असं.
माझं उत्तर तोंडात तयार होतं. अर्धं गिळलं.
अर्धंच जमलं.

छत आता कोरडं आहे. डाग राहिलाय,
पिवळट, कडेला तपकिरी.
रंग मारून टाकू का, मिस्त्रीनं विचारलं.
राहू दे म्हटलं.

सव्वासहाला वर पाणी पडतं.
मी ओट्याशी उभी असते, पातेल्यात दूध,
तांब्या खाली ठेवल्याचा आवाज येईपर्यंत
गॅस पेटवत नाही.